ऐओलस
होमरच्या ‘ओडिसी’त (सर्ग १०) हा देव नाही, देवांचा लाडका राजा आहे, वाऱ्यांचा कारभार झ्यूसने त्याच्याकडे सोपवलेला. नऊ वर्षांच्या बैलाच्या कातड्याच्या पिशवीत तो वादळी वारे कोंडतो, तोंड चांदीच्या दोरीने आवळतो आणि पश्चिमवारा झेफिरस तेवढा ओडिसियसच्या शिडांसाठी सोडतो. दहाव्या दिवशी ओडिसियसच्या मायभूमीच्या, इथाकाच्या, किनाऱ्यावरची माणसे दिसू लागतात, तोच थकलेल्या नायकाचा डोळा लागतो आणि सोन्यारुप्याच्या लोभाने खलाशी पिशवी उघडतात; सुटलेले वारे त्यांना पुन्हा ऐओलसकडे लोटतात. पाचव्या सर्गातले वादळ समुद्रदेव पोसायडनने पॉलिफेमसच्या, आपल्या मुलाच्या, ओडिसियसने फोडलेल्या डोळ्याचा सूड म्हणून उठवलेले. इथला घात मात्र माणसांचाच. तरीही परतलेल्या ओडिसियसला ऐओलस देवांच्या रोषाचा धनी म्हणून हाकलतो, हे फार क्रूर वाटते.