जुन्नर: लेण्यांच्या कुशीतल्या तटबंद बाजारपेठेचा मध्ययुगीन इतिहास

जुन्नर म्हटले की शिवनेरी आठवतो, आणि आपल्या चळवळीतल्या तरुणांना लेणी आठवतात. या दोहोंच्या मध्ये जुन्नर नावाचे एक गाव हजार-दीड हजार वर्षे व्यापार करत होते, त्याला तट होता, वेशी होत्या, तिथे परदेशी सौदागर मुक्कामाला येत होते, याकडे मात्र कुणाचे फारसे लक्ष जात नाही. लेण्यांवर हक्क सांगताना आपल्याकडून कालक्रमाचा जो गोंधळ होतो, त्याचे मूळ या न वाचलेल्या काळात आहे असे आम्हाला वाटते.

सुरुवात घाटापासून करावी लागते. कल्याण आणि सोपारा या बंदरांवरचा माल नाणेघाट चढून वर आला की पहिले मोठे गाव जुन्नर. या वाटेवर जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे किल्ले उभे आहेत. वाट कुणाच्या ताब्यात, त्याच्याच हाती जकात. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री इथे मिळून दोनशेहून अधिक बौद्ध लेणी कोरली गेली, ती याच व्यापाराच्या पैशांवर. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे संघासाठी पैसे ठेव म्हणून ठेवल्याचे शिलालेख सांगतात. म्हणजे आज ज्यांना कारागीर जाती म्हणून खालच्या पायरीवर बसवले जाते, त्यांच्या संघटनांवर त्या काळी संघाच्या ठेवी सोपवण्याइतका विश्वास होता.

लेणी कोरण्याचे हे काम इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास थांबले. जुन्नर बहमनी सत्तेखाली आले ते त्यानंतर हजारहून अधिक वर्षांनी. ‘मुसलमान आले आणि जुन्नरचा धम्म बुडाला’ हे वाक्य व्हॉट्सॲपवर फिरते, आपलेही काही कार्यकर्ते ते पुढे ढकलतात. तारखा शेजारी ठेवल्या की ते टिकत नाही.

पंधराव्या शतकात जुन्नर हे बहमनी राज्याच्या पश्चिम सीमेवरचे मोठे लष्करी ठाणे होते. इथे सत्ता गाजवणाऱ्या सरदारांचा किताबच ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख. त्यांपैकी खलफ हसन हा मुळात बसऱ्याचा सौदागर. व्यापारी आणि सेनापती एकाच माणसात सामावलेले, हे त्या काळच्या दख्खनचे खरे चित्र आहे.

याच काळात, १४७० च्या आसपास, रशियातला अफानासी निकितिन हा व्यापारी चौलला उतरला आणि मजल दरमजल करत जुन्नरला पोहोचला. बरोबर एक घोडा होता. दख्खनला चांगले घोडे समुद्रापलीकडून आणावे लागत, त्यामुळे घोड्याला मोठा भाव. पावसाळ्यात दोन महिने तो जुन्नरातच अडकला. गाव खडकावर आहे, त्याची तटबंदी माणसाने नव्हे तर देवाने केली आहे आणि वर जाणारी वाट एका वेळी एकच माणूस चढेल इतकी अरुंद आहे, असे त्याने लिहून ठेवले. हे वर्णन शिवनेरीच्या कड्यांशी जुळते. इथल्या असद खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा परत देईन, वर हजार मोहरा देईन, असे सांगितले. निकितिनला मुदत मिळाली चार दिवसांची. शेवटी खुरासानचा एक मुसलमान खोजा मध्ये पडला, त्याने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. छळणारा मुसलमान आणि सोडवणाराही मुसलमान. मध्ययुगाचा हिशेब एका ओळीत मांडणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

१४९० मध्ये मलिक अहमदने जुन्नरातूनच स्वातंत्र्य पुकारले आणि निजामशाही सुरू झाली. पुढे त्याने अहमदनगर वसवून राजधानी तिकडे नेली, पण मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने निजामशाहीचा कारभार काही वर्षे पुन्हा जुन्नरातून चालवला. मलिक अंबर हबशी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला. तो राज्य चालवण्यापर्यंत पोहोचला. जुन्नरजवळच्या हापूसबागेचे नाव ‘हबशी बाग’वरून आले असे सांगतात, तिथला मोठा घुमट सौदागर घुमट म्हणूनच ओळखला जातो.

मोगल अमलात शहर श्रीमंतच होते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी रात्री दोराच्या शिड्या लावून जुन्नरचा तट ओलांडला. ३ लाख होन आणि २०० घोडे हाती लागल्याचे इतिहासकार लिहितात. शिवनेरी मात्र महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. १६७५ मध्ये मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर इथे येऊन गेला. नंतरच्या काळात जुन्नरी कागदाला दफ्तरांतून मागणी होती. तो बनवणारे कागदी मुसलमान. त्यांचे कष्ट लिखित इतिहासाच्या प्रत्येक पानाखाली आहेत, त्या पानांवर त्यांची नावे क्वचितच आहेत.

लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, म्हणजे भिक्खूंच्या खोल्या असलेल्या मोठ्या विहारात, आज गणपती आहे आणि ते अष्टविनायकांपैकी एक स्थान मानले जाते. त्याच्या शेजारच्या सहाव्या लेण्यात स्तूप आहे आणि सुलसदत्ताचा लेखही तिथेच कोरलेला आहे. गणपतीच्या दर्शनाला शेकडो पायऱ्या चढून आलेली माणसे बऱ्याचदा तो न वाचताच उतरतात. अभ्यास सहलीला जाणाऱ्या गटांनी तो लेख आधी वाचावा, मग शिवनेरीच्या उतारावरची लेणी आणि पोढ्या पाहाव्यात आणि गडाचे सात दरवाजे चढताना खाली पसरलेले जुने गाव नीट न्याहाळावे.