अमळनेरचे छात्रालय

युवक केंद्राचा विषय निघाला की आम्हां धर्मग्रामवासीयांच्या डोळ्यांसमोर प्रथम सभागृह उभे राहते. मग शिवणयंत्रे, संगणक, कॅरम आणि शेवटी देणगीदारांच्या नावांची पाटी. या साधनांची गरज आम्ही नाकारीत नाही. परंतु खानदेशच्या इतिहासातील एक पान आम्हांस वेगळा विचार करावयास लावते.

१९२४ साली पूर्व खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे, प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने हे तरुण शिक्षक रुजू झाले. पुढे त्यांच्याकडे शाळेच्या छात्रालयाचे काम आले. घर सोडून शिकण्यासाठी आलेल्या मुलाची अवस्था त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. कोकणातील पालगडचा हा मुलगा दारिद्र्यामुळे शिक्षणासाठी औंधास गेला होता. तेथे प्लेग आला आणि पुढे पुण्यात अर्धपोटी राहून त्याने विद्या मिळविली होती.

म्हणूनच छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे धूत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. मुले लाजली आणि हळूहळू ती कामे स्वतः करू लागली. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हस्तलिखित काढीत. पुढे ‘विद्यार्थी’ मासिकही त्यांनी चालविले. शिस्त होती, पण ती छडीची नव्हती.

येथे आमच्या वाचकांना संत जॉन बॉस्को आठवल्यावाचून राहणार नाहीत. तेही गरीब शेतकऱ्याच्या घरचे, बालपणीच पितृछत्र हरपलेले. इटलीतील तुरीन शहरात कामाच्या शोधात भटकणाऱ्या मुलांना त्यांनी १८४१ पासून जवळ केले. १८४६ मध्ये वाल्डोक्को येथे त्यांना जागा मिळाली, ती एक साधी पडवी होती. १८५३ मध्ये तेथे चांभारकाम व शिवणकामाच्या कार्यशाळा सुरू झाल्या. मुलांच्या हाती कसब दिल्याशिवाय माया अपुरी पडते, हे त्यांनी ओळखले होते. अमळनेरचे छात्रालय शाळेला जोडलेले होते. तेथे भर होता तो अभ्यासावर आणि संस्कारांवर. दोहोंत हा फरक आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. आजच्या तरुणास कसब हवे आणि आपुलकीही हवी.

१९३० मध्ये गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला व ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचने देत. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात झालेली ती अठरा प्रवचने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणूनच ‘गीता प्रवचने’ आज आपल्यासमोर आहे. कारागृहातही एक पाठशाळा भरली. तेथे ना सभागृह होते, ना पाटी.

अमळनेरातील गुरुजींची शिक्षकी जेमतेम सहा वर्षांची. तरी ते छात्रालय आजही स्मरणात आहे ते इमारतीमुळे नव्हे, तर तेथे मुलांमध्ये राहणारा एक माणूस होता म्हणून. आपल्या केंद्राचा वार्षिक अहवाल लिहिताना आपण किती शिवणयंत्रे आली हे अवश्य लिहावे. त्याच्याच खाली आणखी एक ओळ लिहिता येईल काय, हे आम्ही स्वतःस विचारतो: नापास झालेला, काम सुटलेला किंवा घरी भांडून निघालेला मुलगा संध्याकाळी आला, तर दार उघडावयास आणि त्याचे ऐकून घ्यावयास तेथे कोण असते?