'म्युन्स्टर' : एकांतातून नगराच्या मध्यभागी आलेला शब्द

१/७
जर्मनीतील उल्म शहराच्या म्युन्स्टरचा मनोरा १६१.५३ मीटर उंच आहे. १८९० ते २०२५ या काळात जगातील सर्वांत उंच चर्च हेच होते. अनेक जण त्याला 'कॅथेड्रल' म्हणतात. पण कॅथेड्रल म्हणजे बिशपचे पीठ असलेले चर्च, आणि उल्मला असे पीठ कधीच नव्हते. मग म्युन्स्टर म्हणजे काय?

२/७
मूळ ग्रीक शब्द 'मोनोस', म्हणजे एकटा. त्यावरून 'मोनास्टेरिऑन', म्हणजे संसार सोडलेल्या साधकाचे एकांतस्थान. पुढे साधक समूहाने राहू लागले आणि लॅटिन 'मोनास्टेरियम' या शब्दाला 'मठ' हा अर्थ रूढ झाला.

३/७
हाच शब्द जुन्या जर्मन भाषेत 'मुनिस्त्री' झाला. ७९३ साली धर्मप्रसारक लिउडगर याने मिमिगेर्नाफोर्ड येथे मठ स्थापला. कालांतराने त्या वस्तीचे जुने नाव मागे पडले आणि शहरच 'म्युन्स्टर' म्हणून ओळखले जाऊ लागले.

४/७
पुढे अर्थ सरकत गेला : आधी मठ, मग मठाचे चर्च, मग कोणतेही भव्य चर्च. मठासाठी 'क्लोस्टर' हा शब्द रुळला. त्याचे मूळ लॅटिन 'क्लाउस्ट्रुम', म्हणजे बंदिस्त जागा. इंग्लंडमधील यॉर्क मिन्स्टर आणि वेस्टमिन्स्टर ही नावेही 'मोनास्टेरियम'चीच वंशज होत.

५/७
उल्मचे म्युन्स्टर हे नगरवासीयांचे चर्च. १३७७ साली पायाभरणी झाली तेव्हा शहराची वस्ती जेमतेम दहा हजार होती, तरी खर्च नागरिकांनीच उचलला. १५३० साली नगराने प्रोटेस्टंट पंथाच्या बाजूने कौल दिला. १५४३ साली बांधकाम थांबले, ते थेट १८४४ साली पुन्हा सुरू झाले. पंथ बदलला, नाव टिकले.

६/७
हा शब्द विशेषतः नैऋत्येकडचा : उल्म, फ्रायबुर्ग, कॉन्स्टान्झ, स्वित्झर्लंडमधील बर्न आणि बाझेल. उत्तर व मध्य जर्मनीत 'डोम' प्रचलित आहे (लॅटिन 'डोमुस', म्हणजे घर), उदाहरणार्थ कोलोन. फ्रायबुर्गचे चर्च १८२७ साली आर्चबिशपचे पीठ झाले, तरीही म्युन्स्टरच राहिले. आणि गंमत अशी की, खुद्द म्युन्स्टर शहरातील बिशपच्या चर्चला मात्र 'डोम' म्हणतात!

७/७
तात्पर्य, 'म्युन्स्टर' या नावावरून चर्चचा धार्मिक दर्जा ठरत नाही. ग्रंथात हा शब्द आढळला की लगेच 'कॅथेड्रल' असे भाषांतर करू नये. आधी विचारावे, ती वास्तू कोणाची होती : भिक्षूंची, बिशपची की नगरजनांची? एकट्या माणसासाठी जन्मलेला शब्द उल्ममध्ये अखेर अवघ्या नगराचा झाला. चुकीच्या भाषांतरात नेमका हाच इतिहास पुसला जातो.