कथारंभ (जेधे घराण्याचे कागद)

कथारंभ : गोष्टीची अशी सुरुवात, की पुढे काय झाले हे कळल्याशिवाय ऐकणारा उठत नाही. याचे बोलके उदाहरण भोर तालुक्यातील कारी येथील जेधे देशमुखांच्या दप्तरात आहे. एकाच घराण्याचे दोन कागद, पण त्यांची तोंडे दोन दिशांना.

‘जेधे शकावली’ म्हणजे शके १५४० ते १६१९ (इ.स. १६१८–९७) या काळातील तिथीवार नोंदी. लोकमान्य टिळकांनी ती उजेडात आणली. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी तिच्यातलीच. तिचा आरंभ होतो औरंगजेबाच्या जन्माने. मावळातल्या देशमुखाच्या कागदाने शत्रूच्या जन्मापासून सुरू व्हावे, ही आजच्या वाचकाला कादंबरीकाराची खेळी वाटेल. लिहिणाऱ्याला मात्र फक्त कालक्रम हवा होता. इतिहासकाराला हा कागद अमोल, पण गोष्ट म्हणून तो कोणाला धरून ठेवत नाही.

‘जेधे करीना’ धरून ठेवतो. करीना म्हणजे घराण्याची व वतनाची हकिगत. त्याच्या आरंभीच्या भागातच भाऊबंदकीत नाईकजी जेधे मारले जातात. तान्ह्या कान्होजीला देवजी महाला वाचवतो आणि मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांकडे पोचवतो. मूल जगेल का आणि वतन कोणाकडे जाईल, हे दोन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात. वर्णन जवळपास नाहीच. हकिगत सांगायची ती हक्क शाबीत करायला. ऐकणारा शंकेखोर, म्हणून पाल्हाळाला जागा नव्हती.

या सुरुवातीचे खरे बळ पुढे, १६५९ मध्ये कळते. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी आदिलशाही फर्मान आल्यावर कान्होजी पाच मुलांसह शिवाजी महाराजांकडे जातात आणि वतनावर पाणी सोडतात. ज्याच्यापायी बाप गेला तेच हे वतन. त्यागाची किंमत लिहिणाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही.

तोंडी परंपरेची रीत उलटी. गोंधळात आधी ठिकठिकाणच्या देवदेवतांना नावे घेऊन बोलावणे होते, पोवाड्यात नमन, आख्यान त्यानंतर. तोरणा-राजगडाच्या वेल्हे भागात गोंधळ्याने गडावरच्या मेंगाईचे नाव घेतले, की मागे बसलेलेही सावरून बसतात. तिथे उत्सुकता घटनेने नव्हे, ओळखीने जागते. घाई असते ती फक्त वतनाच्या कागदाला.