मोहाचं फूल आणि मिलचं पुस्तक

उदारमतवादी अर्थविचार म्हटला की आपल्याकडे लगेच १९९१ साल आठवतं. जणू त्या आधी हा विचार मराठी माणसाच्या कानावर पडलाच नव्हता. आज आपण तो जरा मागून बघू, आणि तोही पुण्या-मुंबईतून नाही, तर पालघर-बोईसरच्या पट्ट्यातून. कारण हा विचार पुस्तकात कसा दिसतो हे मुंबईत कळतं, पण जमिनीवर त्याचं काय होतं हे इथे कळतं.

पुस्तकं आधी. १८४३ साली रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानची पूर्वीची आणि त्या वेळची स्थिती व तिचा पुढचा परिणाम यांवर मराठीत ग्रंथ लिहिला. १८५४ मध्ये हरी केशवजी यांचं ‘देशव्यवहारव्यवस्था’ आलं. १८५५ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी जॉन स्टुअर्ट मिलच्या आधारे ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहिली. नावातच ‘परिभाषा’ आहे, म्हणजे शब्द घडवण्यापासून तयारी होती! शिकवण साधारण अशी: माणसाच्या श्रमाचं फळ त्याचं, देवघेव दोघांच्या खुशीची, आणि सरकारने न्याय, संरक्षण, रस्ते-पूल बघावेत, स्वतः दुकान मांडून बसू नये.

आता आपल्याकडे या. आजचा पालघर तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातला माहीम तालुका होता. किनाऱ्यावर माड आणि ताड, खाडीकाठी मिठागरं, आत डहाणूकडे जंगल. आणि या तिन्हींवर सरकारचा हात. मीठ सरकारच्या परवान्याखाली, जंगल राखीव, आणि १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढायची तर झाडामागे कर. झाड आपल्या वाडीतलं, चढणारा भंडारी आपल्या गावचा, पण रस निघाला की हिशेब सरकारचा. शेतात राब भाजायला फांद्या तोडण्यावरूनही एवढी कुरबुर झाली की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांच्या जंगल-प्रश्नावर सरकारला १८८५ साली कमिशन नेमावं लागलं.

पण आम्हाला सगळ्यात बोलका वाटतो तो मोह. वारल्यांच्या घरी मोहाची फुलं वाळवून साठवतात, भुकेच्या दिवसांत शिजवून खातात, मोहट्यांचं तेल काढतात. दारूही गाळतात, ते नाकारायचं कारण नाही. तर १८९२ मध्ये सरकारने खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा कायदा केला आणि फुलं जवळ बाळगण्यावर, नेण्या-आणण्यावर बंधनं घातली. कारण उघड होतं. सरकारमान्य दारू उरणच्या भट्ट्यांत गाळली जायची, तिच्यासाठी मोह यायचा गुजरातेतल्या पंचमहालातून. अंगणात पडलेलं फूल वेचणं संशयास्पद, आणि रेल्वेने आणलेलं फूल कायदेशीर!

आता गंमत बघा. अबकारी अंमलदाराला आपल्या बाजूने कोण सापडला असता? मिलच! ‘ऑन लिबर्टी’ हे त्याचं पुस्तक १८५९चं. त्यात तो म्हणतो, लोकांनी पिऊ नये म्हणून दारूबंदी करणं हा स्वातंत्र्यावर घाला आहे; पण सरकारला कर कुठूनतरी घ्यावाच लागतो, तर सर्वाधिक उत्पन्न मिळेल तिथपर्यंत मद्यावर कर लावणं योग्यच. तर्क म्हणून यात खोट काढणं अवघड आहे. पण हा तर्क शहरातल्या गुत्त्याचा आहे. ज्या वस्तूची दारू होते तीच भाकरीच्या जागी खाल्ली जाते, असा माणूस त्याच्या डोळ्यासमोर नाही. आणि त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला त्याने लिहून ठेवलंय की हे स्वातंत्र्याचं तत्त्व ‘रानटी’ समाजांना लागू नाही. मिल पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, हे विसरून चालणार नाही. वर्गात आम्ही हे पान शिकवायचो तेव्हा मुलं चिडायची. चिडणं बरोबरच, पण पुस्तक फेकून देणं बरोबर नाही, कारण अंमलदाराला जाब विचारायला तेच उपयोगी पडतं.

रानड्यांनी नेमकं हेच केलं. १८९२ सालीच, म्हणजे मोहाच्या कायद्याच्या वर्षीच, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडचे सिद्धांत सर्व काळी, सर्व देशांत जसेच्या तसे लागू होतात हे त्यांना मान्य नव्हतं. इथे सरकार स्वतःच जमीनदार आहे, भांडवलदार आहे. मग ‘सरकारने मध्ये पडू नये’ हा उपदेश कुणाला? पुढे गोखल्यांनी, जे फर्ग्युसनमध्ये हाच विषय शिकवत, १९०२च्या अर्थसंकल्पावर बोलताना सरकारच्याच आकड्यांनी सरकारला पकडलं: शिल्लक वाढतेय याचा अर्थ लोक सुखी आहेत असा नाही, कर जास्त आहेत असा आहे. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. आपल्या मिठागरांच्या किनाऱ्याला धोरण-शिक्षणाचा एवढा रोकडा दाखला दुसरा सापडणं कठीण.

जंगलात मात्र हे काही पोहोचलं नाही. वेठ आणि लग्नगडी म्हणजे स्वखुशीच्या कराराची चक्क उलटी बाजू. ती मोडायला १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि कम्युनिस्ट किसान सभा यावी लागली. उदारमतवाद्यांनी यावर फारसं लिहिलं नाही. मुंबईत १९५६ साली ए. डी. श्रॉफ यांनी फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढली, चांगल्या पुस्तिका काढल्या, पण बहुतेक इंग्रजीत. शरद जोशींनी हा विचार मराठीत शेतकऱ्यांच्या शिबिरांत नेला, तो कांदा-उसाच्या मुलखात.

आणि तारापूर? इथे अणुवीज १९६९ पासून आहे, औद्योगिक वसाहत सरकारच्याच महामंडळाची. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांना घरं सोडावी लागली. तिथे खरेदी-विक्री नव्हती, संपादन होतं. कारखान्यांचं सांडपाणी खाडीत जातं म्हणून २०१६ मध्ये मांगेला समाजाच्या परिषदेने हरित न्यायाधिकरणात दाद मागितली. काही जण याला उद्योगविरोध म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. कारखानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातली देवघेव खुशीची असेलही. पण ज्याची मासळी गेली तो तिसरा माणूस त्या सौद्यात नव्हता, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.