पेशीच्या दारावरचा निरोप आणि ऊसतोड बाईची पिशवी

मराठवाड्यात गर्भाशयाला पिशवी म्हणतात. "मुलं झाली ना? मग आता पिशवीचं काय काम? ठेवलीस तर कॅन्सर होईल." अशा भीतीपोटी आमच्या किती आयाबहिणी ऑपरेशनच्या टेबलावर गेल्या? जून २०१९ मध्ये राज्याच्या तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात आकडा दिला : एकट्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे एक.

मुकादम, उचल, कोयता आणि खाड्याचा दंड यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते खरेच आहे. पाळी आली तरी सुट्टी नाही, फडात संडास नाही, पाणी नाही. पण "पिशवीचं काय काम?" या प्रश्नाला विज्ञानाने काय उत्तर दिले, हे मात्र या बायांपर्यंत कुणी पोहोचवले नाही. तो इतिहास आम्ही येथे मांडतो आहोत.

१९२३ साली अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी अंडाशयातील द्रवात एक प्रभावी संप्रेरक असल्याचे दाखवले. १९२९ मध्ये ते शुद्ध स्वरूपात हाती आले. हेच इस्ट्रोजेन. ते पेशीत करते काय, हे मात्र पुढची तीस वर्षे कळले नव्हते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत एल्वुड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण केलेले इस्ट्रोजेन वापरून दाखवले की गर्भाशयाच्या पेशी ते धरून ठेवतात, कारण पेशीच्या आत त्याला पकडणारे एक प्रथिन असते. या प्रथिनाला ग्राही म्हणतात. इस्ट्रोजेन आत जाते, ग्राहीला चिकटते, ही जोडी केंद्रकातील जनुके चालू-बंद करते आणि नवी प्रथिने तयार होतात. या कामाला तास लागतात. पाठ्यपुस्तकांनी हेच एकमेव सत्य म्हणून स्वीकारले.

पण १९६७ साली हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञ क्लारा सेगो यांनी सहकारी जून डेव्हिस यांच्यासोबत कॅलिफोर्नियात वेगळेच पाहिले. इस्ट्रोजेन दिल्यावर उंदराच्या गर्भाशयात एक निरोप्या रेणू अर्ध्या मिनिटाच्या आत वाढला. जनुके वाचून प्रथिने बनायला तास लागत असतील, तर हे सेकंदांत कसे घडले? निरोप दारावरच घेतला जात असला पाहिजे. १९७७ मध्ये रिचर्ड पिएट्रास आणि सेगो यांनी इस्ट्रोजेन नायलॉनच्या धाग्यांवर पक्के बसवले. आता ते पेशीच्या आत शिरूच शकत नव्हते. तरीही गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी त्या धाग्यांना चिकटल्या. म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणावरही इस्ट्रोजेन ओळखणारे काहीतरी होते.

यावर बहुतेकांनी अनेक वर्षे विश्वास ठेवला नाही. पण पुरावे साचत गेले. केंद्रकात काम करणारे काही ग्राही पेशीच्या आवरणालाही अडकवलेले असतात असे दिसले. २००० च्या सुमारास, आणि पुढे २००५ मधील प्रयोगांतून, आवरणाशी जोडलेला एक वेगळाच ग्राही पुढे आला. आज त्याला जीपीईआर म्हणतात. त्याच्या कामाबद्दल अजून वाद आहेत. पण इस्ट्रोजेन सेकंदांतही बोलते, हे आता कुणी नाकारत नाही.

याचा ऊसतोड बाईशी संबंध काय? संबंध असा की हे ग्राही फक्त गर्भाशयात नसतात. ते हाडांत, मेंदूत आणि रक्तवाहिन्यांतही असतात. रक्तवाहिनीच्या अस्तरावर इस्ट्रोजेनचा निरोप पोहोचला की नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि वाहिनी सैलावते. हाडात इस्ट्रोजेन हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. इस्ट्रोजेन पिशवीत नव्हे, मुख्यतः अंडाशयात तयार होते. पिशवीसोबत अंडाशयेही काढली, तर हा निरोप एका दिवसात तुटतो. अंडाशये ठेवली तरी अशा बायांची पाळी जाण्याचे वय सरासरीने अलीकडे येते. तिशीतल्या बाईची हाडे पन्नाशीतल्यासारखी झिजू लागतात, आणि त्याच हाडांवर ती उसाची मोळी वाहून ट्रकमध्ये चढवते.

म्हणून गरज नसताना झालेले हे ऑपरेशन म्हणजे बाईच्या साऱ्या शरीरावरची जखम आहे. तिचा खर्च कोण भरतो? १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतीच्या रजेच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की या विश्रांतीचा भार सरकारने उचलावा, पण मालकालाही त्यातून सुटका नाही. आज साखर कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, उचल दिली आहे, खाडा चालणार नाही. दोघांनी झटकलेला भार बाईने आपला अवयव देऊन फेडला. या बाया कोण आहेत? दलित, बंजारा, वंजारी, भूमिहीन. ज्यांचे श्रम स्वस्त, त्यांचे शरीरही स्वस्त मानले गेले.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबतची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असे सांगितले. ती पुढच्या ऑपरेशनांसाठी आहेत. ज्यांची पिशवी आधीच गेली, त्यांचे काय?

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक बाईला ऑपरेशनचा कागद मराठीत मिळावा आणि अंडाशये काढली की ठेवली हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापासून प्रत्येक जिल्हा रुग्णालयापर्यंत या बायांच्या हाडांची आणि रक्तदाबाची तपासणी मोफत व्हावी. गरज असेल तिथे संप्रेरकांचा उपचार मिळावा. आणि त्याचा खर्च साखर कारखान्यांनीही उचलावा.

सेगोंचे म्हणणे मान्य व्हायला दशके लागली, पण त्यांच्या हाती निदान प्रयोगशाळा होती. आमच्या बायांच्या हाती कोयता आहे. त्यांचे दुखणे मोजायला आणखी तीस वर्षे लावण्याचा अधिकार कुणालाही नाही.