वंश म्हणजे वेळू



लग्न असो, बारसे असो, 'वंश' हा शब्द आपल्या कानी पडतोच. मला दोन्ही मुलीच. 'वंशाला दिवा हवा होता' हे मी पुष्कळ वेळा ऐकले. शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले तरी या शब्दाचे मूळ शोधावेसे वाटले.

संस्कृतात वंश म्हणजे मूळचा वेळू. छपराचा वासा त्याच शब्दातून आला, बासरीही त्याच घरची. वेळू पेरापेराने वाढतो. एका पेरावर दुसरे, तशी एका पिढीपुढे दुसरी. म्हणून घराण्यालाही वंश म्हणू लागले. लग्नातली झाल आठवा. वेळूच्या टोपलीत दिवे लावून ती मुलाकडच्यांच्या डोक्यावर ठेवतात. तिलाच वंशपात्र म्हणतात. वेळूसारखे घराणे वाढो, हा त्यातला भाव.

जुन्या पंडितांनी वंश दोन प्रकारचा मानला, जन्माचा व विद्येचा. बृहदारण्यक उपनिषदात गुरुपरंपरेच्या याद्या आहेत, त्यांना 'वंश'च म्हणतात. शेवटच्या यादीत तर पुष्कळ गुरू आईच्या नावाने ओळखले आहेत: पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र.

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतही हेच दिसते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी होऊन गेला. गादी बापाकडून मुलाकडे जाई, पण नावात आई असे. त्याच्या मागे त्याची आई गौतमी बलश्री हिने भिक्षूंना लेणे दान दिले व तेथे मोठा लेख कोरविला. सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापणारा, असे मुलाचे वर्णन त्यात आहे. स्वतःला ती राजमाता व राजाची आजी म्हणविते. घराण्याची कीर्ती आपल्यापर्यंत पोचली ती एका आईने दगडावर लिहविली म्हणून.

कायद्यानेही आता मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला आहे. महाराष्ट्रात 1994 साली व सर्व देशात 2005 साली. घरातल्या वंशावळीत मात्र अजून पुरुषांचीच नावे असतात. सुनेचे नाव क्वचित, लेकीचे नाहीच.

तेव्हा माझी एक विनंती आहे. घरोघरी वह्या काढा. आजीचे, पणजीचे नाव, त्यांचे माहेर, लेकींची व नातींची नावे लिहून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. उद्या सांगणारे कोणी राहणार नाही. वेळूचे एक पेर काढून टाकले तर वरचे उभे कशावर राहील?

— एक सभासद भगिनी